सोबत मोठं माणूस

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं. लांबून ऐकलेल्या आख्यानाचा प्रसाद अर्धाच पदरात पडतो. आज सांगणार आहे ती देवाची गोष्ट नाही, पण कीर्तनात बुवांनी मध्येच थांबून सांगावी आणि मृदंगवाल्यानं हात आवरून ऐकावी, अशी आहे. एका म्हातारीची, एका पोरीची आणि दोघींनी मिळून केलेल्या एका सफरीची. मन लावून ऐका. शेवटी तुमच्याकडं एक मागणं मागायचं आहे.

तर टेम्पो सुरूच होत नव्हता.

गहिनीनाथ ड्रायव्हर चावी फिरवी, टेम्पो दमेकऱ्यासारखा खोकून घेई आणि पुन्हा गप्प बसे. मागं उभी असलेली लेकरं मात्र दर खोकल्याला ‘निघाला, निघाला’ म्हणून कल्ला करत. टेम्पो गावच्या दूध संस्थेचा. एरवी पहाटे कॅन भरून तेलगावच्या रस्त्याला लागायचा. पण त्या साली पाऊस रुसला, गुरं चारा छावणीला गेली, दुधाचे कॅन संस्थेच्या ओट्यावर पालथे पडले. बरेच दिवस उभ्या गाडीखाली गवत उगवतं म्हणतात. या टेम्पोखाली तेही उगवलं नाही, कारण गवताला ओल लागते. शेवटी संस्थेचे चेअरमन म्हणाले, दूध नाही तर नाही, लेकरं तरी न्या, नाहीतर गाडीला गंज चढेल. गेवराईच्या पुढं हमरस्त्याला पाळण्यांची आणि पाण्याच्या घसरगुंड्यांची मोठी बाग झाली होती. तिच्या मालकाशी चेअरमनची सोयरीक. सोमवारी बाग रिकामीच असते, आणा लेकरं, असा निरोप आला होता.

लेकरं म्हणजे हंगामी वसतिगृहातली. आईबाप ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांना गेले की दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ही लेकरं गावातल्या शाळेच्याच खोल्यांत राहायची. पंडित सर त्यांना शिकवायचे आणि सांभाळायचे. रांधायला दोघी. वत्सलाबाई भाकरी थापायची, आणि बाकी सगळं कडूबाई बघायची. बाकी सगळं म्हणजे कालवण, डोक्यातल्या उवा, सुटलेली नाडी आणि रात्री लेकरांना दिसणारी भुतं.

कडूबाई हे नाव ऐकून परगावचा माणूस हसायचा. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं हे नाव ठेवलं; काळानं तोंडात घातलीच तर कडू लागून थुंकून टाकावी. काळानं खरंच थुंकली. तिच्या पाठची भावंडं मात्र जगली, आणि ती सगळी कडूबाईच्या कडेवर जगली. आईबाप उसाच्या फडात, कडूबाई पाचटाच्या झोपडीपाशी, म्हणजे कोपीपाशी, कडेवर भाऊ. तो उतरला की बहीण. असं करत तिचं बालपण कडेवरच गेलं. साठीला आली तरी ती डाव्या अंगाला कलून चालायची. कडेवर कोणी नसलं तरी.

सरांनी तिला टेम्पोच्या आडोशाला बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की उत्तरेश्वरचा फोन आला होता. उत्तरेश्वर म्हणजे चौथीतल्या तुळजाचा बाप. तिकडं फडावर त्याची बायको बाळंत झाली, मुलगा झाला, आणि ती पुन्हा तोडीला लागली. तान्ह्याला बघायला कोणी नाही. दुष्काळानं गावात उरलेली माणसंही आता मागून निघाली होती. धर्मराज मुकादमाचा ट्रॅक्टर त्यांना गोळा करत संध्याकाळी इथं थांबणार होता. बाप त्याच्यावरच येणार आणि तुळजाला घेऊन जाणार.

“शाळा?” कडूबाईनं विचारलं.

सर एवढंच म्हणाले, की आजचा दिवस तिला कळू देऊ नका.

कडूबाईनं मान हलवली. एकदा उसात गेलेलं पोर पुढल्या साली शाळेत येत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं मनाशी एकच धरलं. आजचा दिवस या पोरीच्या पदरात काठोकाठ भरून घालायचा. आयुष्यभर चाटून खाल्ला तरी संपू नये, असा.

तेवढ्यात टेम्पोनं एक जोराचा खोकला काढला आणि सुरूच राहिला. लेकरांनी असा गजर केला, की छावणीकडं निघालेल्या म्हशीनं रस्ता सोडला.

वाटेत टेम्पोत आंबूस दुधाचा वास होता. कडूबाईनं धपाटे वाटले, तुळजाच्या हातावर जरा जास्तच ठेवले. पोरगी एका कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दिवाळीपासून तिचं हे असंच चाललं होतं. चालताना खांदे पाडायची, उभी राहिली तरी गुडघ्यात वाकून. कडूबाईला वाटलं होतं, पोरीची कंबर धरली असेल. रोज रात्री तेल कोमट करून तिनं पाठ चोळून दिली, पण पाठ काही सरळ झाली नाही.

“आजी, तिथं वाघ हाय का?” धुळ्यानं विचारलं. धुळाजी पहिलीतला, मेंढपाळाच्या घरचा, अंगानं चिमणीएवढा आणि तोंडानं गावाएवढा.

“हाय की. पर त्याला उपास हाय. सोमवार.”

“मग आपल्याला खानार न्हाई?”

“तुला खाऊन त्याचा उपास मोडायचा बी न्हाई रे.”

सगळा टेम्पो हसला. तुळजासुद्धा हसली, पण गुडघ्यात तोंड घालून.

बाग दिसली ती आधी माळावरून दिसली. सगळा माळ जळून पिवळा पडलेला, आणि मधूनच आभाळात एक हिरवा, जाडजूड साप वेटोळी घालून उठलेला. तोंड रंगवलेलं, फणा पसरलेली. त्याच्या पाठीवर रूळ होते आणि रुळांवर डबे धावायचे. लेकरं टेम्पोच्या कडेला धावली. गहिनीनाथ ओरडला, की बे, एका अंगाला होऊ नका, दूध सांडंल. दूध नव्हतंच, पण इतक्या वर्षांची जिभेची सवय.

फाटकातून आत गेल्यावर कुठं बघावं हेच लेकरांना कळेना. प्लास्टरचा हत्ती, त्याच्या सोंडेत घंटा. फिरणारे घोडे. एकमेकांना धडकणाऱ्या छोट्या मोटारी. धुळ्या आधी घोड्यापाशी गेला, त्याचा ओठ उचलून पाहिला आणि दात एकसारखे आहेत, म्हणजे हा अजून शिंगरू आहे, असा निकाल देऊन वर चढला. पाण्याच्या घसरगुंड्या मात्र बंद होत्या. दुष्काळ बागेलाही लागला होता. निळ्या रंगाचा मोठा हौद कोरडा पडला होता, तळाला सुकलेली पानं. सर कानकोंडे झाले. पण लेकरं पायऱ्यांनी हौदात उतरली आणि तिथंच शिवणापाणी सुरू झालं. घसरगुंड्यांवरून कोरडीच घसरली, चड्ड्या फाटेपर्यंत.

अशात बागेच्या मागच्या रस्त्यानं पाण्याचा टँकर आला. झाडांना घालायचं पाणी होतं ते. पण टँकरचा भोंगा ऐकला मात्र, हौदातली सगळी लेकरं बाहेर धावली, पिशव्यांतून बाटल्या काढल्या आणि कोणी न सांगता टँकरमागं रांग लावली. मोठ्यांनी लहानांना पुढं घेतलं. पाइप हातात घेऊन टँकरवाला बघतच राहिला. कडूबाईनं हाकारून सांगितलं, की बाबांनो, आज आपण पाण्याला न्हाई, खेळायला आलोय. लेकरं एकमेकांकडं बघून हसली, पण बाटल्या भरल्याशिवाय एकही रांगेतून हललं नाही. टँकरवाल्यानंही हसत हसत भरून दिल्या.

पुढं आरशांची खोली होती. एका आरशात माणूस बांबूसारखा लांब दिसे, एकात भोपळ्यासारखा जाड, एकात बुटका. लांब करणाऱ्या आरशापुढं झुंबड उडाली. प्रत्येकाला ताड व्हायचं होतं. सरसुद्धा गुपचूप एकदा उभे राहून आले. तुळजा मात्र बुटक्या आरशापुढं उभी होती. तिथं ती दुधाच्या कॅनएवढी दिसत होती. ती स्वतःकडं बघत होती आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. कडूबाईनं हाक मारली तरी तिला तिथून निघवेना.

कडूबाईला काहीतरी बोचलं. पण काय, ते कळेना. काटा मोडावा आणि नेमका कुठं, ते सापडू नये, तसं.

मग आला तो नाग. त्याच्या शेपटीपाशी डबे उभे होते, आणि वाटेवर एक रंगवलेली फळी होती. फळीवर खाली लाल रेघ, वर हिरवी. शिट्टी गळ्यात अडकवलेला एक तरुण तिथं उभा होता. त्यानं लेकरांना समजावून सांगितलं: लाल रेघेखालच्यांना बसता यायचं नाही, हिरवीच्या वर डोकं गेलं तर एकट्यानं बसावं, आणि मधल्यांनी बसावं, पण सोबत मोठं माणूस पाहिजे.

एकेक लेकरू फळीला टेकू लागलं. आणि लेकरंच ती. कोणी टाचा उचलल्या, कोणी केस उभे केले. धुळ्यानं तर टोपीत धपाट्याची गुंडाळी घालून आणली होती. शिट्टीवाल्यानं टोपी काढली, गुंडाळी निघाली, आणि धुळ्या लाल रेघेच्या वीतभर खाली उरला. “पुढल्या साली येतो,” म्हणून त्यानं शिट्टीवाल्याला दम दिला आणि धपाटा तिथंच खाऊन टाकला.

मग तुळजा आली. फळीला पाठ लावली. आणि कडूबाईच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू लहान झाली. आधी खांदे गेले, मग मान आत गेली, मग परकराच्या आत गुडघे वाकले. सगळी लेकरं जिथं वाढून दाखवत होती, तिथं ही पोरगी घटून दाखवत होती. डोकं लाल रेघेखाली आलं.

“नाही जमत,” शिट्टीवाला म्हणाला. “पुढचा.”

तुळजा मुकाट बाजूला झाली. पण तिची नजर वर नागाच्या फण्याला चिकटली होती, आणि डोळे भरले होते.

तेव्हा कडूबाईला काटा सापडला. दिवाळीला लेकरं सोडायला ट्रॅक्टर आला होता, तेव्हा मुकादमानं तुळजाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं होतं आणि उत्तरेश्वरला म्हणाला होता, की बे, पोरगी मोळीएवढी झाली की, आता कोपी सांभाळील. बोलून तो विसरला होता. चुलीपाशी ऐकून कडूबाईही विसरली होती. पोरगी विसरली नव्हती. त्या दिवसापासून ती मोळीपेक्षा लहान राहायची धडपड करत होती. आणि आपण येड्यासारखं पाठीला तेल चोळत बसलो.

पुराणात वामन लहान होऊन आला, तो तीन पावलांत सगळं घ्यायला आला. ही पोरगी लहान होत होती ती एवढ्यासाठी, की आपल्याला कोणी घेऊन जाऊ नये.

कडूबाईनं तिला बाजूला घेतलं आणि तिच्यापुढं उकिडवी बसली.

“कावून वाकलीस गं माय?”

तुळजानं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली. मग म्हणाली, “लहान लेकराला नेत न्हाईत.”

कडूबाईनं तिच्या परकराची धूळ झटकली. आज रडायचा दिवस नव्हता. “हितं उलटं हाय,” ती म्हणाली. “हितं मोठ्या लेकराला कामाला नेत न्हाईत, खेळायला नेत्यात. सरळ हो. एकदा बघू तर दे, तू केवढी हायस ते. मी बी कधी पाह्यली न्हाई तुला.”

तुळजा पुन्हा फळीपाशी गेली. आधी मान वर आली. मग खांदे. मग गुडघे. दिवाळीपासून घडी घालून ठेवलेली पोरगी उलगडत गेली, तसतशी लेकरांत कुजबुज झाली, की अरे, ही एवढी हाय? डोकं लाल रेघ ओलांडून वर गेलं, वर गेलं, आणि हिरव्या रेघेच्या बरंच खाली थांबलं.

“मधली आहे,” शिट्टीवाला म्हणाला. “बसेल. पण सोबत मोठं माणूस पाहिजे. कोण बसतंय?”

सर आधीच दुसऱ्या एका पोराबरोबर बसले होते. गहिनीनाथ म्हणाला, त्याला वर गेलं की चक्कर येते, म्हणून तर तो टेम्पो चालवतो, विमान चालवत नाही. कडूबाईनं नागाकडं बघितलं. नागानं कडूबाईकडं बघितलं.

“मी बसते,” ती म्हणाली.

“आजी, हृदयाचा काही त्रास?” शिट्टीवाल्यानं विचारलं. तसं विचारायचा नियमच होता.

“हृदय हाय अजून. तरास त्याचा त्याला.”

तिनं नऊवारीचा काचा आवळला, पदर खोचला, नागाच्या फण्याला हात जोडले आणि देवा, आम्हीही आज शेषाच्या पाठीवर बसायलोत, बाजूला सरक जरा, असं पुटपुटून आत बसली. लोखंडी दांडी पोटावर आली. कडूबाईनं ती दोन्ही हातांनी धरली. तुळजानं कडूबाईला धरलं.

डबे टकटक करत चढायला लागले. हळूहळू, बैलगाडी घाट चढते तसे. खाली माणसं बाहुल्यांसारखी झाली. वसतिगृहातली सगळी लेकरं धुळ्याला मध्ये घेऊन वर बघत होती. मग सगळा मुलूख उघडा झाला. माळ, सुकलेल्या ओढ्याच्या रेघा, रस्त्यावर मुंग्यांसारखे टँकर, आणि लांब गोदामाईचं पात्र, पाण्याचं नव्हे, वाळूचं, पांढरंशुभ्र. एवढ्या उंचावरून आपला जिल्हा कडूबाईनं कधी पाहिला नव्हता. तिला वाटलं, देवाला रोज असं दिसत असेल, आणि तरी तो गप्प राहतो, म्हणजे त्याचं काळीज केवढं असेल.

तेवढ्यात शेजारून बारीक आवाज आला. “आजी, मला आज न्यायला येनार हायत ना?”

“कोन म्हनलं तुला?”

“कोनी न्हाई. तुमी मला धपाटे जास्तीचे दिले.”

डबे कड्याच्या टोकावर येऊन क्षणभर थांबले होते. पुढं रूळ नव्हताच, नुसतं आभाळ. मग आभाळही गेलं.

मंडळी, त्या उतरणीचं वर्णन करायला माझ्याजवळ शब्द नाहीत. पोट वर राहिलं आणि माणूस खाली गेला, एवढंच सांगतो. कडूबाईचा पदर सुटून झेंड्यासारखा मागं फडफडला, आणि तिच्या बेंबीच्या देठापासून आरोळी निघाली, “पुंडलिक वरदेऽऽऽ” आणि मागच्या डब्यांतल्या लेकरांनी, खालच्या लेकरांनी, दांडीला घट्ट चिकटलेल्या सरांनीसुद्धा सवयीनं साथ दिली, “हाऽऽरी विठ्ठल.” गिरकी आली की पुन्हा पुंडलिक, उतार आला की पुन्हा विठ्ठल. कीर्तनाच्या रंगालाही असा गजर क्वचित होतो. बागेतला माळी हातातली खुरपी टाकून टाळ्या वाजवू लागला.

आणि तुळजा हसत होती. गुडघ्यात तोंड घालून नाही, आभाळाकडं तोंड करून. केस सुटलेले, दोन्ही हात दांडीवरून उचलून वर केलेले, पाठ ताठ. गिरकीमागून गिरकी येत होती आणि ती वाढतच चालली होती.

डबे थांबले तेव्हा कडूबाईनं सुटलेला पदर पुन्हा खोचला. तुळजा म्हणाली, आजी, अजून एकदा. बाग रिकामी होती. शिट्टीवाल्यानं दांडी पुन्हा खाली केली. त्यानंतर किती वेळा गेल्या, ते कडूबाईनं मोजलं नाही आणि आपणही मोजायला नको. शेवटी शेवटी तर तिनंही हात वर केले.

परत येताना लेकरं एकमेकांवर रेलून झोपली. तुळजा जागीच होती. कडूबाईच्या डाव्या अंगाला टेकून, पण सरळ बसलेली.

दिवस मावळता मावळता टेम्पो शाळेपाशी आला. फाटकात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पेटारे, पत्र्याचे डबे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्यांच्यामधून माणसं. मुकादम चाकाला टेकून तंबाखू मळत होता. उत्तरेश्वर पुढं आला. वाईट माणूस नव्हता तो. उसाची सोललेली कांडकी फडक्यात गुंडाळून त्यानं लेकीसाठी आणली होती, आणि ती हातात धरून तो तसाच उभा राहिला, कारण पोरीच्या डोळ्याला डोळा भिडवायची त्याला हिंमत होईना.

बापाला बघितलं आणि तुळजाचे खांदे पडू लागले. गुडघे वाकायला लागले. कडूबाईनं मागून तिच्या पाठीवर हात ठेवला.

“वाकू नगंस.”

तुळजा सरळ उभी राहिली. उत्तरेश्वर बघतच राहिला. “लई उंच झालीस की गं बया,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंदही होता आणि दुसरंही काही होतं.

“उंच झालीय,” कडूबाई म्हणाली. “पर मधल्या रेघेत हाय अजून. खेळन्याच्या पाळन्यात सुदिक तिला एकटी बसू देत न्हाईत. संगं मोठं मानूस लागतंय. आन तू तिला उसात एकटी बसवायलास? आन तिच्या मांडीवर तान्हं?”

“मला काय हौस हाय का, बाई?” उत्तरेश्वरचा आवाज चिरकला. “तिची आय फडात. मी फडात. लेकराला बांधावर टाकून तोडायलोत आमी. मुंग्या लागत्यात. कोन बघंल त्याला?”

ट्रॉलीतल्या बायांनी माना खाली घातल्या. प्रत्येकीच्या पोटात ते लेकरू रडलं असणार. उत्तरेश्वरचंही खोटं नव्हतं. कडूबाईला ते लेकरू दिसलं. पाचटाच्या सावलीत, फडक्यावर. तसलं लेकरू तिनं आयुष्यभर उचललं होतं. तिची डावी कूस आपोआप पुढं झाली.

“मी बसते,” ती म्हणाली.

नागापाशी म्हणाली होती, अगदी तसंच.

आधी कोणाला कळलंच नाही. मग सगळे एकदम बोलू लागले. वत्सलाबाई म्हणाली, या वयात उसात जायचं म्हणजे डोकं फिरलं काय. सर म्हणाले, इथल्या लेकरांचं कसं होईल. कडूबाई म्हणाली, की वत्सलाचं कालवण माझ्यापेक्षा चांगलं होतं, लेकरं भीतीनं सांगत नाहीत एवढंच. उवांचं तेवढं बघा, तुळजाला शाळेत बसवा, आणि धुळ्याला रात्री पाणी देऊ नका. असं बोलत बोलतच ती आत गेली आणि एक लुगडं, एक वाकळ आणि तेलाची बाटली गाठोड्यात बांधून बाहेर आली.

धर्मराज मुकादमानं तंबाखू तोंडात टाकली. “म्हातारे, कोयत्यात मोजायचो न्हाई मी तुला,” तो म्हणाला. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं कोयता म्हणतात. कोयत्याबाहेरचं माणूस त्याच्या हिशेबात नसतं.

“मला मोजूच नगंस. मी संगं बसायला यायलीय.”

उत्तरेश्वरनं फडकं तुळजाच्या हातात दिलं. तो वाकला आणि कडूबाईच्या पायाला हात लावून झटकन ट्रॉलीकडं गेला. बायांनी हात देऊन कडूबाईला वर घेतलं. कोंबड्या सरकवून जागा केली. तुळजा चाकाजवळ आली.

“आजी, कवा येनार?”

“पाडव्याला. तुझा भाऊ कडेवर घिऊन. तवर हिरव्या रेघंपर्यंत वाढून ठेव.”

ट्रॅक्टर सुरू झाला. तो एकाच चावीत सुरू झाला. ट्रॉलीच्या मागच्या फळीची लोखंडी दांडी कडूबाईनं दोन्ही हातांनी धरली होती. फाटकाबाहेर रस्त्यावर मोठा खड्डा होता. ट्रॉली त्यात गेली, उसळली, बाया ओरडल्या, आणि कडूबाईनं दांडीवरचे दोन्ही हात सोडून वर केले.

“पुंडलिक वरदेऽऽऽ”

फाटकातून सगळ्या लेकरांनी साथ दिली. तुळजाचा आवाज सगळ्यात वर होता. ती टाचा उंचावून उभी होती, केवढी दिसते याची फिकीर न करता, आणि धुळीत ट्रॉली दिसेनाशी झाली तरी खाली आली नाही.

पाडव्याला कडूबाई परत आली. कडेवर गुटगुटीत पोरगं होतं आणि चाल पहिल्यापेक्षा जास्तच कलली होती. तुळजानं भावाला घेतलं, पण घटकाभरच. तिचा चौथीचा पेपर होता.

आता माझं मागणं. तुमच्या घरी लेकरू दाराच्या चौकटीला टेकून उभं राहील, तुम्ही पेन्सिलीनं त्याच्या डोक्यावर रेघ ओढाल आणि केवढं वाढलं म्हणून कौतुक कराल. तेव्हा ती रेघ ओढता ओढता, क्षणभर हात थांबवून, आमच्या कडूबाईची आठवण ठेवा.